लाखेचा चुरा

पूर्णा जंक्शनला, आर.एम.एस.मध्ये
बाबांनी एकतीस वर्षं डाकेच्या थैल्या बांधल्या.
सुतळीची गाठ, गाठीवर लाख, लाखेवर पितळी मोहोर
आणि मनमाड पॅसेंजरनं शिट्टी द्यायच्या आत
एक फुंकर.
रिटायर झाले त्या दिवशी साहेबांनी मोहोर परत घेतली,
वहीत सही घेतली.
घरी येऊन पाय धुताना म्हणाले,
मोहोर सरकारची व्हती गं.
भाजलेलं बोट तेवढं आपलं.

म्हणून माझ्याकडे मोहोर नाही.
त्यांच्या खाकी कोटाचं बटण आहे, शिंगाचं, चार भोकांचं.
खोबरेल तेल लावल्याशिवाय ते लाख सोडत नाही.
तसनीम लिहायची,
तुझ्या पत्राला वेणी घालून बसल्यासारखा वास येतो.

अंबाजोगाईला डी.एड.ला आम्ही एका बाकावर.
नंतर तिला उदगीर, मला सेलू.
फोन होतेच. पण फोनवर
तिच्या मागे कायम कुणीतरी खोकत असायचं.

लाख परभणीहून आणलेली,
बांगड्या करणाऱ्या म्हातारीनं दिलेली एकच कांडी.
डाळिंबी.
निम्मी तसनीमला दिली,
एवढ्यात भागवायचं असं दोघींत ठरलं.
सेलूच्या पोस्टात खिडकीवरचे निळे साहेब
(आडनावच निळे) विचारायचे,
विमा आहे का, मॅडम?
नाही.
मग लाख कशाला?
असंच.
असंच, म्हणत ते ठप्पा असा हाणायचे
की माझं बटण तिथंच तडकायचं.

उरलेलं काम मशीन करायची.
उदगीरला पोचायचा तो चुरा,
पाकिटाच्या कोपऱ्यात साचलेला.
तिनं एकदाही फेकला नाही.
चमच्यात वितळवून त्याचंच सील करून
मला उत्तर पाठवायची, नवऱ्याच्या कुलपाची किल्ली दाबून.
इथं पुन्हा चुरा. पुन्हा चमचा.
तीच लाख नऊ वर्षं येत जात राहिली,
कांड्या संपल्या तरी.
दर खेपेला थोडी काळी, थोडी कमी,
तिच्या चुलीची राख, माझ्या पणतीची काजळी मिसळलेली.
शेवटी शेवटी तर
काथाच्या डागाएवढंच सील व्हायचं.
कुणाची किती, हिशेब कधी झाला नाही.

आज गजभारे पोस्टमन दारात.
मॅडम, हे तुमचंच हाय. वापस आलंय.
पाकिटावर तिरप्या निळ्या शाईत
सोडून गेले.
कुणाला, ते पोस्ट लिहीत नाही.

मी पाकीट उलटं केलं.
सील अख्खं.
जायला आठ दिवस, यायला अकरा,
दोन मशिनी, चार थैल्या
आणि एक टवका नाही उडालेला.
चारही भोकं स्वच्छ,
एका भोकात बाबांच्या कोटाचा अडकलेला धागा,
त्याचासुद्धा वळ उठलेला.
नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं मी,
माझं सील दिसतं कसं.

संध्याकाळपर्यंत ते मेजावर होतं.
वह्या तपासल्या. तिसरीच्या मुलांनी
'पत्र' शब्दाला हमखास काना दिलाय.
आठच्या सुमाराला तिच्या भावाचा नंबर लागला.
बीदरला आहे ती, म्हणाला. ठीक आहे.
पत्ता सांगताना दोनदा थांबला.
मीही पुढं विचारलं नाही.

नवं पाकीट घेतलं. पत्ता लिहिला.
मग लक्षात आलं,
लाख कुठाय?
आमच्या दोघींची होती नव्हती तेवढी सगळी
या एका अख्ख्या सीलमध्ये.

पाकीट न उघडता तसंच ठेवावं, असंही वाटलं.
फार वेळ नाही.

चाकूच्या टोकानं काढायला गेले तर निघेना,
घट्ट धरून बसलेलं.
शेवटी अंगठ्यानं दाबलं.
मोडताना आवाज आला,
वाळली बोरं दातात फुटतात तसा.

चमचा. पणती.
थेंब पडायच्या आधीच
बोट भाजलं.

आपलं.